उजव्या हाताची जबानी

समोरच्या बाईने उजवा हात टेबलाखाली घेतला, तसा साखरबाईंनीही आपला घेतला. लगेच नाही, मनात तीन आकडे मोजून. लगेच केलं तर ती नक्कल वाटते, फार उशिरा केलं तर वाया जातं. नव्या अधिकाऱ्यांना हे त्या स्वतःच शिकवायच्या. समोरचा जसा बसेल तसं बसा, तो हळू बोलला तर तुम्ही त्याहून हळू बोला. बघता बघता तो तुम्हाला आपल्यातला समजू लागतो.

साखरबाई हे नाव कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. जिथे कोणाचीच डाळ शिजत नसे तिथे त्यांना धाडलं जाई. या कारखान्यात त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

समोरची बाई अकरा वर्षं प्रेस मशीनवर होती. महिन्यापूर्वी मशीन खाली आलं तेव्हा तिचा हात आत होता, आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळीचं गार्ड असतं. ते त्या दिवशी जागेवर नव्हतं. माल भराभर निघावा म्हणून फोरमनने ते काढायला लावलं होतं, आणि हे अख्ख्या शेडला माहीत होतं. उद्या सकाळी सरकारी निरीक्षक येणार होते. त्याआधी तिची सही हवी होती, एका ओळीखाली: गार्ड मी माझ्याच मनाने काढले.

फोरमनने गोडीत सांगून पाहिलं, मॅनेजरने दरडावून पाहिलं. ती बधली नाही. काढायला सांगणाऱ्याचं नाव लिहा, मग सही करते, एवढंच तिचं म्हणणं.

साखरबाईंनी कागदाचा विषयच काढला नाही. मुलगी कितवीत आहे, दुखणं आता कसं आहे, हे विचारलं. ती खांदे पाडून बसली होती, साखरबाईंनी खांदे पाडले. ती खिडकीकडे बघून बोलू लागली, त्याही खिडकीकडे बघत ऐकत राहिल्या. उजवा हात मांडीवरून हलवला नाही. पाणी डाव्या हाताने ओतलं, ते थोडं सांडलं. बाईने आपल्या डाव्या हाताने ते पुसलं आणि मग तिचा बांध फुटला.

हात कोणालाच दाखवत नाही, असं तिने सांगितलं. मुलगी शाळेत गेल्यावर दार लावून पट्टी बदलते. सख्ख्या बहिणीलाही पाहू दिलेला नाही. स्वतःचा हात आणि स्वतःलाच त्याची लाज वाटते.

साखरबाईंना हवा होता तो धागा सापडला. निरीक्षक सगळ्यांसमोर हात वर करायला लावतात, फोटो काढतात, असं त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. जबानी आधीच झालेली असली तर कशाला कोण विचारेल? पुढे पॅकिंगमधलं बसून करायचं काम बघू. ‘बघू’ म्हणाल्या, ‘देऊ’ नाही. नियम मोडल्याबद्दल तिला कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन त्यांच्याच बॅगेत पडलं होतं.

मग कागद पुढे आला. साक्षीदार म्हणून साखरबाईंनी आधी सही केली, तीही डाव्या हाताने, वेडीवाकडी. ते पाहून बाई पहिल्यांदाच हसली. "सुरुवातीला असंच होतं," ती म्हणाली आणि तिनेही डाव्या हाताने सही केली.

जमलं. साखरबाईंनी कागदाकडे डावा हात नेला, तोच बाईने आपला उजवा हात टेबलाखालून वर काढला, पट्टी सोडली आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. अंगठा, करंगळी, आणि मधे लालसर ओली कातडी.

"सगळ्या मैत्रिणी म्हणत होत्या, सही करू नकोस, नोकरीवर पाणी सोडशील," ती म्हणाली. "पण तुम्ही हात लपवून बसलात आणि मी काय ते समजले. म्हटलं, जिचं स्वतःचं असं झालंय ती मला कशाला फसवेल? तुमची बोटं कोणत्या मशीनवर गेली, बाई?"

हजार माणसांना साखरबाईंनी आपलंसं केलं असेल, पण त्या माणसांना आतून काय वाटत असेल, याचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅनेजर दाराबाहेर येरझारा घालत होता. खोटं एखादं मशीन सांगून मोकळं होता आलं असतं, जिभेवर नावही आलं होतं. पण त्या हाताकडे बघून ते सांगवेना.

त्यांनी उजवा हात वर काढून टेबलावर ठेवला. नीट कापलेली नखं, एक अंगठी, पाचही बोटं जागच्या जागी.

बाई बघत राहिली. तिने आपला हात हळूच पुन्हा टेबलाखाली घेतला.

साखरबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. मान वर न करता पुटपुटल्या, हवं तर तू फाडून टाक. निर्णय समोरच्यावर ढकलायचा, ती सवय तेव्हाही सुटली नाही.

बाईने डाव्या हाताने कागद परत सरकवला.

"तुम्हीच फाडा. तुम्हाला दोन्ही हात आहेत."