परीक्षेतली पेशंट

बाई मूळच्या सर्जन. पण या देशात आल्यावर लायसन्सची परीक्षा पास होऊनही हॉस्पिटलात रेसिडेन्सीची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, जागा काही मिळेना, म्हणून त्याच परीक्षेत उमेदवारांनी तपासावं म्हणून त्या पाच वर्षं पगारी पेशंट बनून झोपत होत्या. अपेंडिक्स दुखल्याचं सोंग त्यांच्याइतकं हुबेहूब कुणाला जमत नसे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या रेसिडेन्सीच्या अर्जाला उत्तराचं पत्र आलं. ‘गेल्या पाच वर्षांत आपला रुग्णांशी संबंध आलेला नाही. अर्ज नामंजूर.’ बाईंनी पत्राची घडी घातली, गाऊन चढवला आणि खाटेवर जाऊन पडल्या.

दुपारचा पहिला उमेदवार पिकल्या केसांचा होता. त्यांच्यासारखाच बाहेर शिकलेला, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला. त्याने पोटावर नेमक्या जागी बोटं दाबली.

“इथे दुखतंय?”

“नाही.”

“जरासुद्धा नाही?”

“नाही.”

तो गोंधळला. कागदावर ‘गॅस’ असं लिहून पडलेल्या चेहऱ्याने निघून गेला.

बाई उठून परीक्षकांपाशी गेल्या. “त्यांचे मार्क कापू नका, सर. कळवळायचं माझंच राहिलं. हात अगदी बरोबर पडला होता त्यांचा.”

परीक्षकांनी मानही वर केली नाही. “ते तुम्हाला काय कळणार, बाई?”