मावळत्या अध्यक्षांची तसबीर

"फोटोची थोरवी त्यात काय दिसतं यावर नसते, काय दिसत नाही यावर असते," असं भाच्याने जाहीर केलं, ऐटीत दोन पावलं मागे सरकला आणि टेबलाच्या पायाला अडखळून थेट मामांच्या मांडीवर बसला.

मामांनी त्याला उठवलं, कोट झटकला. चिडले नाहीत. आज चिडायचं नाही असं ठरवूनच ते घरून निघाले होते, कारण चिडलेला चेहरा एकदा भिंतीवर गेला की उतरत नाही. वाचनालयाच्या सभागृहात आजवरच्या अध्यक्षांच्या तसबिरी ओळीने लागलेल्या होत्या. सगळे भारदस्त, सगळे एकट्याच्या बळावर संस्था चालवल्यासारखे. येत्या रविवारी त्या ओळीत मामा लागायचे होते. सभासद पाठीमागे काय बोलतात ते त्यांच्या कानावर होतं : संस्था बाई चालवतात, साहेब सही करतात. निदान तसबिरीत तरी तसं दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

भाच्याने बेत समजावला. पुस्तकांची उंच कपाटं दोन्हीकडून चौकट धरतील. मधे खुर्ची, खुर्चीत मामा. लेन्सचं तोंड पुरतं उघडं ठेवलं की कॅमेरा जो चेहरा धरेल तेवढाच लख्ख; मागेपुढे सगळं धुकं. बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जाईलच कशी?

"आणि ही?" मामांनी मानेनेच मागे खूण केली. कपाटांच्या टोकाशी मामी परत आलेली पुस्तकं लावत होत्या.

"मामी, तू जरा बाजूला होतेस का?"

"होते की. मग ही पुस्तकं तुझा कॅमेरा लावणार?"

"राहू दे, राहू दे. तू तशीही धुक्यातच जाणार आहेस."

"बरं. जाताना दिवे बंद करून जाते," मामी म्हणाल्या.

काम सुरू झालं.

"मामा, हनुवटी किंचित वर."

मामा मागे वळले. "वर घेऊ का गं?" कॅमेरा वाजला.

"थोडं हसा."

"हसलेलं चालेल का गं अध्यक्षाला?"

"चालेल. ओठ मिटून." पुन्हा वाजला.

हात मांडीवर की खुर्चीवर, चष्मा असावा की नसावा, प्रत्येक प्रश्न भाच्याने मामांना विचारला आणि प्रत्येक उत्तर मागून आलं. मामांची ही जुनी पद्धत. कार्यकारिणीच्या बैठकीतही ते असेच वळत. तिथे कॅमेरा नसायचा, म्हणून निभावलं.

खिडकीतला उजेड उतरला तेव्हा भाच्याने फोटो पाहिले आणि त्याचंही तोंड उतरलं. कॅमेरा चेहरा शोधणाऱ्या जातीचा होता. मामांनी पाठ फिरवली की तो बिचारा पलीकडे मिळेल तो चेहरा पकडायचा. एकूण एक फोटोत मामी लख्ख होत्या. केसांत पेन्सिल, हातात पुस्तकांची चवड, चष्म्यावरून बघत त्या काहीतरी सांगत होत्या. दोन्ही कपाटं सरळ त्यांच्याकडे बोट दाखवत होती. पुढ्यात एक मोठा, गोल, धूसर आकार होता. ते मामा.

"माझंच चुकलं," भाचा पुटपुटला. "उद्या सकाळी येतो. नव्याने काढू."

मामांनी कॅमेरा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मामीही हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

"हाच लाव," मामा म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय. तिथे अध्यक्षांचा फोटो लागतो."

"म्हणून तर म्हणतोय."

मामी टेबलावरची सरळच असलेली चवड पुन्हा सरळ करू लागल्या. आपण काहीतरी थोर बघतो आहोत असं भाच्याला वाटलं. तो घसा खाकरून कलेविषयी बोलणार, तेवढ्यात मामांनी त्याला दंडाला धरून कपाटाआड नेलं, मामी ऐकत नाहीत ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"माझं टक्कल तेवढं आणखी थोडं धूसर होतं का बघ."