कपाटातली साबणाची वडी

धुतलेल्या साड्यांचा वास टिकावा म्हणून ऐश्वर्या लोखंडी कपाटात, घड्यांच्या मधी, कागद काढून साबणाची नवी वडी ठेवायची.

आठ दिवसांनी कपाट उघडलं, तर वडी झिजून अर्धी झाली होती.

"उंदरानं खाल्ली असंल," सासू पद्माबाई म्हणाल्या.

"उंदीर फेस करतो व्हय, आत्याबाई?"

वडी ओली होती. तिच्यावर बारीक बुडबुडे फुटत होते. साड्या मात्र कोरड्या होत्या आणि कधी नव्हे इतक्या घमघमत होत्या.

तिनं दुसरी वडी ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी वडीची नुसती पातळ चकती उरली होती. मग तिनं साबण ठेवणंच बंद केलं; कुलूप मात्र तसंच ठेवलं.

परवा दुपारी नवरा हळद घेऊन वसमतला गेलेला. ऐश्वर्या भाकरी थापत होती.

"साबण संपला गं. दुसरा दे," आतून बाईचा आवाज आला.

आत्याबाई न्हाऊन राहिल्या असतील, म्हणून ती उठली. वडीचा कागद फाडत आवाजाकडं गेली आणि दाराच्या फटीतून हात आत घातला.

"घ्या."

ओल्या बोटांनी वडी घेतली.

"कुणाला घ्या म्हणून राहिलीस गं?" पद्माबाईंनी अंगणातून विचारलं.

ऐश्वर्यानं वर पाहिलं. समोर न्हाणी नव्हती. कपाट होतं, आणि किल्ली तिच्या कमरेलाच होती.