परशरामाची बायको

फौजदार मारुतीराव जंगलातून परतले तेव्हा मुक्कामाच्या सरकारी बंगल्यात आंघोळीचं पाणी तापलं होतं आणि चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता. चार दिवसांत हाती काही लागलं नव्हतं. पण टिळकवाडीच्या घरीही आपली एवढी बडदास्त होत नाही, हे त्यांना मनोमन कबूल होतं.

खानापूरकडच्या त्या जंगलात सरकारी लाकडांचा डेपो जळाला होता. लढाईसाठी तोडलेल्या सागाच्या ओंडक्यांची राख झाली होती. आग लावणारा परशराम फरारी होता. सापडला तर निदान दहा वर्षं आत जाणार, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

मारुतीराव रोज सकाळी चार शिपाई घेऊन निघत. जंगल अफाट होतं आणि गप्प होतं. मैलभर चाललं तरी पायाखालच्या पाल्याखेरीज आवाज नाही. मध्येच एखादं शेकरू या झाडावरून त्या झाडावर जाई, तेवढंच. वाड्यांवरची माणसंही जंगलासारखीच. कोण परशराम? आम्ही नाही बघितला. पाटील तर नेमके याच आठवड्यात अंथरुणाला खिळले होते. परशरामाला बायको आहे, ती इथलीच आहे आणि तीच त्याला भाकरी पोचवते, एवढं साहेबांच्या कानावर आलं होतं. ती कोण, हे सांगायला मात्र कुणी तोंड उघडत नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मनुबाईला सहज विचारलं, तुझा नवरा काय करतो. पलटणीत आहे, लांब आफ्रिकेत, असं ती म्हणाली. नाव काय त्याचं, म्हटल्यावर तिनं पदर दातात धरला आणि दाराकडे बघितलं. दारात बंगल्याचा चौकीदार मष्णू उभा होता.

“भरमू, साहेब,” तो म्हणाला. “बाईमाणूस नवऱ्याचं नाव कसं घेईल?”

मारुतीरावांचा घास हातातच राहिला. इतकी साधी गोष्ट आपल्याला चार दिवस सुचली नाही, याचा त्यांना रागच आला.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरच्या सगळ्या बायका बंगल्यापुढं उभ्या केल्या. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर. एकेकीनं पुढं यायचं आणि परशराम हे नाव मोठ्यानं घ्यायचं. जिची जीभ अडखळेल ती त्याची बायको. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. आपल्या हुशारीवर स्वारी फार खूश होती.

बायका नाव घेऊन बाजूला होत गेल्या. कुणालाच सोडायला नको म्हणून साहेबांनी मनुबाईलाही हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

“परशराम,” ती खणखणीत म्हणाली. “मुडदा बशिवला त्या परशरामाचा. त्येनं डेपो जाळला, आन् मी वल्ल्या लाकडांनी चूल फुकत बसलोय.”

शिपाई हसले. साहेबही हसले आणि तिला आत जायला सांगितलं.

तिच्यानंतर जवळच्या वाडीवरच्या गुणाबाईची पाळी होती. ती गप्प उभी राहिली. साहेबांनी दोनदा सांगून बघितलं, तिसऱ्यांदा दरडावलं. तेव्हा तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“न्हाय घेणार. काय करायचं त्ये करा.”

मारुतीरावांनी काहीच केलं नाही. ते इतके का कच्चे होते? त्यांनी तिला सोडून दिलं आणि दुसऱ्या सकाळपासून ते स्वतः तिच्या मागावर राहिले. गुणाबाई रोज भाकरीचं गठुळं घेऊन जंगलात शिरे. चढण, ओढा, करवंदीच्या जाळ्या, पुन्हा चढण. साहेबांना बूट चावू लागले. उन्हं डोक्यावर आली की ती एखाद्या झाडाखाली बसे, सगळ्या भाकऱ्या एकटीच सावकाश खाई आणि भलत्याच वाटेनं घरी येई. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी साहेबांचा धीर सुटला. ते झाडाआडून पुढं आले आणि नवरा कुठं आहे म्हणून ओरडले.

“खळ्यावर हायती. भात मळत्यात,” गुणाबाई म्हणाली. “साहेब, परशराम माझ्या सासऱ्याचं नाव. त्येंस्नी जाऊन धा वर्सं झाली. लगीन झाल्यापासनं त्ये नाव मी तोंडात घेतलं न्हाय, आन् तुमच्यासाठी घीन व्हय? तुम्ही इचारलं न्हाईसा, नुस्तं मागनं आलासा. जंगल काय माझ्या बाचं न्हाय. फिरा की.”

शिपायांनी वाडीवर चौकशी केली. तिचं म्हणणं खरं निघालं.

परशराम बायकोसह गोव्याच्या हद्दीत पळाला असावा, असा कागद साहेबांनी वर पाठवून दिला आणि सामान बांधलं. निघताना मनुबाईला म्हणाले, तुझ्या हातच्या रश्श्याला तोड नाही. तुझा नवराही सुखरूप परत येईल, काळजी करू नकोस. तिनं वाकून नमस्कार केला.

मोटार वळणाआड गेली तशी गुणाबाई मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. मनुबाईनं तिला पाटावर बसवलं आणि तिच्या फुटलेल्या टाचांना कोमट तेल चोळायला घेतलं. गुणाबाई हसून म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं आता. पान वाढ आन् जेवाय हाक मार. त्या दिवशी कसं समद्या बंगल्याला ऐकू जाईल असं नाव घेतलंस, तशीच मार.”

मनुबाई उठली. तिनं हात धुतले, पान वाढलं, पदर डोईवर नीट ओढून घेतला आणि चुलीमागच्या, सरपण ठेवायच्या खोलीच्या दारावर हळूच थाप मारली.

“अवं,” ती म्हणाली, “ऐकलासा का? गेला फौजदार. उठा, जेवून घ्या.”