डावीकडचा बांबू

मार्तंडने एक डोळा मिटून पाचव्यांदा बांबू न्याहाळला.

"बाबूजी, बंदूक थोड़ी है," बाँसवाला म्हणाला.

झाशीतल्या त्या वखारीत मार्तंड सकाळी नऊपासून उभा होता. दीडशे बांबूंतून त्याने दोन बाजूला काढले होते. लांब पेरं, जाड साल, कीड नाही. त्यातल्या एकाच्या सहा कामट्या काढून, तासून, पुन्हा एकमेकींना चिकटवून तो आयुष्यातली पहिली गळाची काठी बनवणार होता. गांडूळ लावायची नव्हे. पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकायची, विलायती. मोबाइलमधल्या गोऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, वाकवून सोडा, जो पुरता सरळ होईल तो घ्या. एकट्याच्या हाताने बांबू तेवढा वाकत नव्हता. तिथेच अडलं होतं.

"मछली कौन सी खाते हैं?"

"खाते नहीं. पकड़ेंगे, देखेंगे, छोड़ देंगे."

"तो उसका कसूर क्या है?" बाँसवाल्याने विचारलं.

तेवढ्यात रघुनाथ आला. मार्तंडचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघे बोलत नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले की दोघांनाही एकदम दुकानांच्या पाट्या वाचाव्याशा वाटत. इथे पाटी नव्हती. रघुनाथने वखारीवरून नजर फिरवली. लगीनसराईत चांगला माल मांडववाल्यांनी नेला होता, उरला होता तो वेडावाकडा. मग त्याला ते दोन दिसले.

"भैया, ये दोनों दे दो. अरथी के लिए."

बाँसवाल्याने हात जोडले. तिरडीच्या बांबूचा भाव करत नाहीत. तो सांगेल ते देतात.

"किसकी?" मार्तंडने बाँसवाल्याकडे बघत विचारलं.

रघुनाथनेही बाँसवाल्यालाच सांगितलं, "मेरी माँ की."

मार्तंडचा हात बांबूवर होता, तो तिथेच राहिला. मग तो मराठीत म्हणाला, "केव्हा?"

"पहाटे."

"फोन आहे माझ्याकडे."

"कळवणार होतो."

"तेराव्याला?"

रघुनाथ खिशातले पैसे मोजायला लागला. म्हणजे दिवस बरोबर होता.

"एक खांदा माझा," मार्तंड म्हणाला.

"खांद्याला चार माणसं आहेत."

"चार माणसं असती तर बांबू आणायला तू आला असतास?"

भाषा कळली नाही तरी बाँसवाल्याला प्रकार कळला. "बाबूजी, अरथी का बाँस रोका नहीं जाता."

"रोक नहीं रहा. भाव कर रहा हूँ."

बाँसवाल्याने कानाला हात लावला. रघुनाथने एकदा वाकड्या बांबूंकडे पाहिलं. "मागचा घे. डावा."

"मी थोरला आहे. पुढचा."

"मागचा. नाहीतर वाकडे नेतो. आईला आता काय, कसेही चालतील."

मार्तंडने हात काढला.

मडकं घेऊन रघुनाथ पुढे चालत होता. मार्तंड मागे, डाव्या बांबूखाली. शेजारच्या खांदेकऱ्याने दबक्या आवाजात विचारलं, "आप पड़ोस में रहते हैं?" मार्तंडने हो म्हटलं. आई फार हलकी झाली होती. तरी पहिल्याच उतारावर उजवा बांबू दबला आणि दबलेलाच राहिला. डावा दर पावलाला वाकत होता आणि सरळ होत होता. मार्तंडला हे बघायचं नव्हतं. त्याने रघुनाथच्या पाठीकडे बघायचं ठरवलं, पण ते त्याहून अवघड होतं.

चिता पेटली. तिरडीचे बांबू बाजूला पडले होते. ते जाळत नाहीत. आणि अख्खे ठेवले तर कोणीतरी उचलून नेतो, म्हणून तिथेच मोडून टाकतात. लोक पांगल्यावर रघुनाथ त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला.

"यातला कुठला घेणार होतास?"

अकरा वर्षांत भावाने विचारलेला हा पहिला प्रश्न. मार्तंडने काही ठरवायच्या आधीच त्याचं बोट डाव्याकडे गेलं.

रघुनाथने उजवा तसाच ठेवला. डावा उचलला, एक टोक पायरीवर टेकवलं आणि मधोमध पाय दिला. बांबू जमिनीला लागेपर्यंत वाकला. पाय काढताच सरळ झाला.

रघुनाथने धोतर खोचलं आणि बांबू मोडायला तो दोन्ही पायांनी त्यावर चढला.