कानातली शिट्टी

कान गेल्यापासून पाखरू कुठल्या फांदीवर बोलतंय हेच कळेना, म्हणून म्हाताऱ्यानं पाखरांचे फोटो काढायचा कॅमेरा नातवाला देऊन टाकायचं ठरवलं. “एकदा शेवटचं रान बघून येतो,” म्हणाला. “पडलात तर उचलणार कोण?” म्हणत म्हातारीही निघाली. कोवळ्या पालवीखाली दोघं टेकली आणि त्याच्या कानातल्या यंत्रानं नेहमीसारखी बारीक शिट्टी मारली. ही शिट्टी घरादाराला ऐकू जायची, त्याला सोडून. यंत्र नीट बसवायला तिनं हात पुढे केला, एवढ्यात समोरच्या झाडातून तश्शीच शिट्टी आली. मग आणखी जवळून. माझ्या हद्दीत कोण शिरलं म्हणून इवलंसं पाखरू छाती फुगवून खालच्या फांदीवर उतरलं. तोच हात तिनं नवऱ्याच्या हनुवटीला लावून त्याचं तोंड हळूच तिकडे वळवलं. कॅमेरा खटखटला. “तुला कसं गं कळलं?” त्यानं विचारलं. “मला कुठलं कळतंय? तुम्हीच बोलावलंत की त्याला!”