आत कोणी आहे का?

चिलीतल्या त्या तांब्याच्या खाणीत बोगदा कोसळला. निबाल्दो सापडला नाही, त्याचा टॅब्लेट सापडला. काचेवर ओरखडाही नव्हता, म्हणून मुकादम रोसामेलने तोच सिमेंटच्या पंपाला जोडायला लावला.

शोध थांबला होता. आता बोगदा सिमेंटने बुजवायचा होता. पंप सुरू होण्याआधी टॅब्लेट विचारतो, आत कोणी आहे का? ‘नाही’ दाबल्याशिवाय पंप चालत नाही.

पंपावर निबाल्दोची बहीण आयलेन होती. तिचा हात उठेना. रोसामेलने हातमोज्यासकट ‘नाही’ दाबलं.

उत्तर आपोआप बदललं. आहे.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा ‘आहे’.

“काचेत धूळ गेलीय.”

“साहेब, ह्यात धूळ जात नाही. पाणीसुद्धा जात नाही.”

“मग तुझा भाऊ शिरला असेल. होताच काडीसारखा!” तो हसला. “चल पोरी, तिकडे कासुएलाचा रस्सा गार होतोय. नवा टॅब्लेट काढ.”

ती हलली नाही. त्यानेच खोकं फोडलं, जुना काढून टेबलावर टाकला आणि नवा पंपाला जोडला. नव्यावर ‘नाही’ टिकलं. पंप घरघरला.

टेबलावरचा जुना टॅब्लेट टकटकू लागला. आहे. आहे. आहे.

“बंद करा तो पंप!” आयलेन धावली. रोसामेलने तिचा दंड घट्ट धरला. बोगदा भरत गेला तशी टकटक वाढली, मग विरळ झाली आणि थांबली.

“बघ, झाला गप्प,” म्हणत त्याने तिला सोडलं.

जुन्या टॅब्लेटच्या काचेवर ओल्या सिमेंटची पाच बोटं उमटली होती. आयलेनने ती बाहीने पुसली. पुन्हा पुसली. ती बोटं काचेच्या आतल्या बाजूला होती, आणि सावकाश खाली घसरत होती.